खोबऱ्याची मोहोर

लीड्स, ६ ऑक्टोबर २०२४

अनुया,

आशीर्वाद शेवटी देईन. आधी भांडण पूर्ण करू, कारण तू फोन मध्येच ठेवलास आणि माझं निम्मं बोलणं माझ्याच घशात राहिलं. पत्राला फोनसारखं मध्येच तोडता येत नाही. मराठी तू हळू वाचतेस हे मला माहीत आहे. म्हणूनच मराठीत लिहिते आहे. हळू वाच.

मी तुला 'बँकांची हमाल' म्हणाले. शब्द मागे घेत नाही, पण कारण सांगते. वॉटफर्डच्या त्या काचेच्या ऑफिसात बसून तू दिवसभर बँकांचे करार लिहितेस. एका बाजूला बँक, दुसऱ्या बाजूला असा कोणीतरी, ज्याला सही केल्यावाचून गत्यंतर नाही. हे करता करता तुझा समज झाला आहे की कागदावर नाही ते जगात नाही. मीनाक्षीची कागदपत्रं वाचून तू मला एवढंच म्हणालीस, "आई, मिनिट्समध्ये काहीच नाहीये. ऑफर चांगला आहे. घेऊन टाका ना."

घेऊन टाका. जणू सेलमधला कोट.

तुला सगळं माहीत आहे, तरी क्रमाने मांडते, कारण कोर्टात असंच मांडणार आहे. आपल्या मंडळाने ते जुनं चॅपल हॉलसाठी विकत घेतलं तेव्हा ते सांभाळायला माणूस नव्हता. मीनाक्षीचा नवरा नुकताच गेला होता, मूलबाळ नव्हतं, आणि ती मिरजेला भावाकडे परत निघाली होती. तिकीट काढलेलं होतं. त्या गणपतीत कमिटीने तिला थांबवलं. हॉल तू बघ, शनिवारच्या मराठी शाळेतल्या मुलांना जेवायला तू घाल, आणि वरची खोली तुझी, तू आहेस तोवर. तू तेव्हा शाळेत, जीसीएसईच्या परीक्षेच्या वर्षाला होतीस. आरतीला पहिल्या रांगेत उभी होतीस, ताम्हन तुझ्या हातात होतं. कमिटीतल्या पुरुषोत्तमरावांनी नारळ फोडला, खोबऱ्याचं ताट फिरलं, सगळ्यांनी तुकडा उचलला. मीनाक्षीनेही.

आपल्या मंडळात मत असंच देतात. हात वर करणं आपल्या लोकांना उद्धट वाटतं. ज्याला पटलं तो खोबरं घेतो, ज्याला नाही पटलं तो ताट मुकाट्याने पुढे सरकवतो. आणि जे देवासमोर ठरलं ते इतिवृत्तात लिहायचं नाही, कारण लिहिणं म्हणजे एकमेकांवर अविश्वास. इतिवृत्त इंग्रजीत, बाहेरच्यांना दाखवण्यापुरतं. त्यात खुर्च्या आणि फायर अलार्म.

मीनाक्षीने तिकीट रद्द केलं. पुढच्या वर्षी मिरजेच्या घरातला हक्क भावाच्या नावे सोडून दिला. भावाने साडी पाठवली. मी तिला विचारलं होतं, विचार केलास ना? ती म्हणाली, "मला इथं घर आहे की, ताई."

आता छप्पर गळतंय. बँक छपरासाठी कर्ज द्यायला तयार आहे, पण तिची अट अशी की वरची खोली रिकामी हवी आणि तिच्यावर कोणाचाही हक्क नाही असं लेखी हवं. अध्यक्ष पुरुषोत्तमराव म्हणतात, मंडळ आता रीतसर नोंदलेली संस्था आहे, ट्रस्टी बदलले, संस्थेने काही कबूल केल्याचा पुरावा नाही. त्याऐवजी ते कौन्सिलकडे खटपट करून मीनाक्षीला वृद्धांच्या संकुलात तळमजल्याचं घर मिळवून देतायत. त्या बदल्यात तिने लिहून द्यायचं की तिला कोणीही कधीही काहीही कबूल केलेलं नव्हतं.

हे वाक्य पुन्हा वाच. तिच्याकडून घर घेणं त्यांना पुरत नाही. तिची आठवणही हवी आहे.

तुला कोलंबिया बँकेचा खटला आठवतो? आठवायलाच हवा. बाकीच्या मुली रविवारी सकाळी कार्टून बघायच्या तेव्हा तू माझी काळी शाल पांघरून किचन टेबलाशी न्यायाधीश व्हायचीस. अमेरिकेचं सर्वोच्च न्यायालय, १८१३. पॅटरसन नावाच्या माणसाने बँकेच्या कमिटीशी करार करून बँकेच्या वास्तूचं काम केलं. कमिटीने करारावर आपापल्या मोहरा उठवल्या, बँकेची मोहोर नव्हती. जुना कायदा असा की संस्थेला तोंड नाही, हात नाही, ती फक्त मोहरेने बोलते. मोहोर नाही तर शब्दही नाही. कोर्टाने हे जुनं जोखड फेकून दिलं. तुमच्या सांगण्यावरून माणसाने काम केलं, त्या कामाचा लाभ तुम्ही घेतलात, तर त्या लाभातूनच वचन जन्माला येतं, आणि ते संस्थेला पाळावं लागतं. अनुया, दोनशे वर्षांपूर्वी बँकेलाही जे चुकवता आलं नाही ते लीड्सचं मराठी मंडळ चुकवणार?

तू तेव्हा विचारलं होतंस की पॅटरसन स्वतः कोर्टात का आला नाही, त्याच्या नावापुढे दुसऱ्याच कोणाचा उल्लेख का. मी सांगितलं, तो तोवर वारला होता, त्याच्यामागे त्याची मालमत्ता बघणाऱ्या कारभाऱ्याने दावा चालवला, ते महत्त्वाचं नाही, पुढे वाच.

हो, हा निवाडा इंग्लंडच्या कोर्टावर बंधनकारक नाही. मला कायदा शिकवू नकोस, मी तो जन्मभर शिकवला. इथल्या कायद्यातही वचनावर विसंबून आयुष्य बदललेल्या माणसाला असं रस्त्यावर आणता येत नाही. पण मला नुसती खोली नको आहे. कोणीतरी खुर्चीवर बसून मोठ्याने म्हणायला हवं आहे की त्या दिवशी ताट फिरलं होतं.

मीनाक्षी लढायला तयार आहे. केस तू घे.

आशीर्वाद आहेतच.

आई


लीड्स, ८ डिसेंबर २०२४

अनुया,

तुझं उत्तर मेसेजने आलं. चार ओळी, त्याही इंग्रजीत. केस घेणार नाहीस, ठीक. दावा मी स्वतः तयार केला, मीनाक्षीची सही घेतली आणि दाखल केला. सुनावणीत तिच्या शेजारी मी बसेन. मार्चमधली तारीख मिळाली आहे.

काल मंडळाची खास सभा झाली. तू यायला हवी होतीस. हॉल भरला होता. पाठीमागे बेसिंगस्टोकहून बदली होऊन आलेली ती नवी आयटीवाली जोडपी, पुढे आपली जुनी मंडळी, कोटही न काढता बसलेली, कारण बॉयलर पुन्हा बंद. पुरुषोत्तमरावांनी ऑफर वाचून दाखवली. मग मला म्हणाले, "सुचेताताई, तुम्ही थोडक्यात बोला." हसले सगळे. मी थोडक्यात बोलत नाही हे लीड्सला माहीत आहे.

मी उभी राहिले. संस्थेला हात नसतात, मी म्हणाले, पण पोट असतं की नाही? इतकी वर्षं शनिवारची खिचडी कोणी खाल्ली? ट्रस्टींनी की त्यांच्या मोहरेने? संस्था जेवते तेव्हा ती माणूस असते आणि शब्द पाळायची वेळ आली की नोंदणी क्रमांक होते, हा कुठला न्याय? त्यांना पॅटरसनची गोष्ट सांगितली. युनियनच्या दिवसांनंतर इतकी शांतता माझ्या भाषणाला मिळाली नव्हती. ती नवी मुलं फोन खाली ठेवून ऐकत होती. समर नावाचा एकजण पुढच्या वर्षी ट्रस्टी व्हायचं म्हणतो, तो नंतर येऊन म्हणाला, "मॅम, ॲक्च्युअली अंगावर काटा आला."

मग पुरुषोत्तमरावांनी नारळ फोडला. ताट आधी मीनाक्षीपुढे आलं, कारण प्रश्न तिचा होता. खोबरं उचललं की ऑफर मान्य.

तिने घेतलं नाही.

ताट पुढे गेलं आणि मागल्या रांगांतल्या निम्म्या लोकांनीही नाही घेतलं. पुरुषोत्तमराव ताट हातात घेऊन उभे राहिले, ते खाली कुठे ठेवावं हेच त्यांना कळेना. मला म्हणाले, "ताई, तुम्ही जिंकलात. आता छप्पर तुम्हीच धरा." मी म्हणाले, धरते.

तू लिहिलं आहेस की हिवाळ्यापुरतं मीनाक्षीमावशीला वॉटफर्डला पाठव, तुझ्याकडे एक खोली रिकामी आहे, हीटिंग चांगलं आहे. तुझ्या मनात चांगलंच असेल. पण तू वकील आहेस, तुला कळायला हवं. ताबा सोडला की दाव्यातली हवाच गेली. एक रात्रही तिने बाहेर काढली तर त्यांचा सॉलिसिटर म्हणेल, बघा, तिलाच हे घर वाटत नाही. आणि काम थांबवायचं नाही हेही मी तिला सांगितलं आहे. जोवर मंडळ तिच्या हातचं खातंय तोवर ते वचन जिवंत आहे. दर शनिवारी ते नव्याने सही करतायत असं समज. त्यांना कळत नाही इतकंच.

म्हणून वॉटफर्ड नाही. तुझी खोली ठेव.

आई


लीड्स, १२ जानेवारी २०२५

अनुया,

नव्या वर्षाचा तुझा फोन मीनाक्षीला आला, मला नाही. तिने सांगितलं. तुम्ही बराच वेळ बोललात म्हणे. काय बोललात ते विचारलं तर म्हणाली, "असंच. लेकीचं बोलणं." माझी लेक, आणि बोलणं तिच्याशी. असो. लहानपणी तुझे डबे तिनेच भरले, मी मोर्च्यात असायचे. त्याची पावती आता मिळते आहे.

दाव्याचं सांगते. त्यांच्या सॉलिसिटरचं उत्तर आलं. अपेक्षित तेच. संस्थेच्या दप्तरात ठराव नाही, कमिटीला अधिकार नव्हता, जे काही बोललं गेलं ते सणाच्या वेळचं सदिच्छेचं बोलणं होतं. सणाच्या वेळचं बोलणं! मी त्यावर बारा पानं लिहिली आहेत. माझ्या आयुष्यातलं हे सर्वांत चांगलं लिखाण असेल. मीनाक्षीला वाचून दाखवलं. तिने ऐकलं आणि म्हणाली, "तुमच्या त्या पॅटरसनला एकदा जेवायलाच बोलवा, ताई. घरचाच झाला आता." मग हसता हसता खोकली.

ते तळमजल्याचं घर नाताळाआधी दुसऱ्या कोणाला दिलं. कौन्सिलला थांबता येईना. मी मीनाक्षीला अजून सांगितलेलं नाही. सांगायची गरजही नाही, तिला ते नकोच होतं.

फक्त एकदा तिने विचारलं होतं की त्याची खिडकी दक्षिणेकडे आहे का. आणि एकदा, की तिथं पायऱ्या नाहीत म्हणजे अगदी एकही नाही का. आणि तुळस लावता येईल का. नुसती चौकशी. माणूस चौकशी करतं.

बॉयलर बंदच आहे. मंडळ म्हणतं, तो दुरुस्त केला तर आम्ही तिचा हक्क मान्य केल्यासारखं होईल, सॉलिसिटरने नको सांगितलंय. पुरुषोत्तमराव स्वतः खासगीत एक हीटर घेऊन आले होते. मी परत पाठवला. दयेचा हीटर घेतला की हक्काचा बॉयलर गेला. तू नाक मुरडशील, पण असंच असतं. एक मऊ शब्द, एक हीटर, आणि लोक विसरतात की भांडण कशावरून होतं. मी माझ्याकडचा जुना हीटर नेऊन दिला आहे. त्याची एकच कांडी पेटते.

मागच्या लोखंडी जिन्यावर सकाळी बर्फाचा पातळ थर धरतो. तो वितळावा म्हणून तिकडे मीठ टाकणं मंडळाचं काम, ते टाकत नाहीत. मी मिठाचं पोतं घेतलं आहे. गाडीच्या डिकीत आहे. पुढच्या वेळी जाईन तेव्हा टाकेन. या आठवड्यात ती बारा पानं टाइप करायची आहेत.

तू म्हणालीस म्हणे तिला, "मावशी, आईला सांग ना की तू दमला आहेस." तिने मला हेही सांगितलं, तुझ्याच सुरात, तुझ्या मोडक्या मराठीसकट. ती दमलेली नाही. शनिवारी संक्रांत करायची आहे शाळेतल्या मुलांसाठी, तीळ भाजून ठेवले आहेत.

आई


लीड्स, २२ जानेवारी २०२५

अनुया,

तू काल वॉर्डमध्ये आलीस आणि गेलीस. पलंगाच्या एका बाजूला तू, एका बाजूला मी. मधे ती. तू माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस, म्हणून हे लिहिते आहे.

तुला अर्धंच कळलं असेल. शनिवारी सकाळी ती तिळगुळाची परात घेऊन मागच्या जिन्याने खाली उतरत होती. वडीचं सगळं वरच करून ठेवलं होतं, खालच्या किचनमध्ये हात गारठतात म्हणून. तिसऱ्या पायरीवरून घसरली. शाळेला आलेल्या एका आईला ती खाली सापडली. वड्या सगळ्या अंगणभर. खुब्याचं हाड मोडलं आहे, ऑपरेशन झालं, पण छातीत कफ भरला आहे आणि डॉक्टर आता फार बोलत नाहीत. एक मल्याळी नर्स आहे, ती मला 'आंटी' म्हणते आणि माझ्याकडे न बघता ड्रिप बदलते.

हॉस्पिटलने विचारलं, जवळचं कोण. तिने तुझं नाव दिलं. मी समोर उभी होते.

काल तिने डोळे उघडले तेव्हा तू तिच्या ओठांना पाणी लावत होतीस. ती मला म्हणाली, "ताई, ती खोली आहे ना अजून? खालची?"

मी म्हणाले, आहे.

"मग आता घेऊ या," ती म्हणाली.

मी म्हणाले, घेऊ या.

तू माझ्याकडे पाहिलंस. तुला माहीत होतं ते घर गेलंय. कौन्सिलला तू फोन केला असशील. तू काहीच बोलली नाहीस आणि मी तुझे त्याबद्दल आभार मानते. आजपर्यंत मी हजारो लोकांसमोर बोलले, बोललेला प्रत्येक शब्द खरा होता असा माझा दावा होता. काल मी दोन शब्द बोलले.

मिठाचं पोतं डिकीत आहे. मी ते अजून काढलेलं नाही.

डिसेंबरच्या सभेचं मी तुला लिहिलं होतं, की तिने खोबरं घेतलं नाही. तिथे तू नव्हतीस, म्हणून तसं लिहिता आलं. तिने हात पुढे केला होता, अनुया. बोटं ताटाच्या काठाला टेकली होती. मी शेजारी बसले होते, नुकतंच भाषण संपवून, कानांत अजून टाळ्या होत्या. मी तिचं मनगट धरलं. जोरात नाही. तिने माझ्याकडे बघितलं, मग हात पदराखाली घेतला. पुरुषोत्तमरावांनी पाहिलं. म्हणूनच तर ते म्हणाले, तुम्ही जिंकलात. मीनाक्षी जिंकली असं नाही म्हणाले.

ये पुन्हा. माझ्याशी बोलू नकोस हवं तर.

आई


लीड्स, १६ फेब्रुवारी २०२५

अनुया,

स्मशानात तू मागे उभी होतीस आणि संपायच्या आधीच निघालीस, तुला ट्रेन पकडायची होती असं मंडळातली निवेदिता म्हणाली. नंतर ती सगळ्यांना चहा देत होती, मीनाक्षीच्या किचनमध्ये, आणि तिला साखर सापडत नव्हती. साखर कुठे असते हे मंडळात कोणालाच माहीत नाही.

मिरजेच्या भावाला मी फोन केला. तो रडला. म्हणाला, तिला किती वेळा म्हटलं होतं परत ये, तर म्हणायची तिकडे माझं घर आहे.

दावा संपला. त्यांच्या सॉलिसिटरचं दोन ओळींचं पत्र आलं, सभ्य भाषेत. हक्क होता असं धरलं तरी तो हयातीपुरता होता. हयात संपली, हक्क संपला, आता ठरवण्यासारखं काही उरलेलं नाही. बरोबर आहे. माझ्या विद्यार्थ्याने परीक्षेत हेच लिहिलं असतं तर मी पूर्ण गुण दिले असते. मार्चची तारीख रद्द झाली. माझी बारा पानं कोणीही वाचणार नाही. त्या दिवशी ताट फिरलं होतं की नाही, हे आता कुठलंही कोर्ट कधीही म्हणणार नाही.

मी पॅटरसनचा निवाडा पुन्हा काढला. या वेळी तत्त्व वाचलं नाही. नाव वाचलं. कोलंबिया बँक विरुद्ध पॅटरसनचा कारभारी. तू आठ-नऊ वर्षांची होतीस, काळ्या शालीत बुडालेली, आणि तुझं बोट बरोबर त्याच शब्दावर होतं. मी तुला पुढे ढकललं. तो माणूस जिंकला तेव्हा जमिनीखाली होता. मी वर्षानुवर्षं वर्गांत, सभांत, संपाच्या फाटकांवर उभी राहून त्याच्या विजयाच्या गोष्टी सांगितल्या आणि एकदाही मनात आलं नाही की तो कसा गेला असेल, कुठल्या खोलीत, त्याला कोणी थांबायला सांगितलं होतं का. निदान त्याच्यामागे त्याच्या कामाचा मोबदला तरी मागता येत होता. मीनाक्षीच्या मागे मागण्यासारखं काही नाही. तिला जे हवं होतं ते तळमजल्यावर होतं, दक्षिणेच्या खिडकीचं, आणि ते तिला मिळतही होतं. एका खोट्या वाक्याच्या बदल्यात. तिने ते वाक्य हसत लिहून दिलं असतं. तिला माहीत होतं की खरं काय ते तिला माहीत आहे. तेवढं तिला पुरत होतं. पुरत नव्हतं ते मला.

आज शोकसभा होती. सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की मी बोलणार. माझ्या पर्समध्ये दोन कागद होते. संस्थेने एका बाईला कसं मारलं यावर. चांगलं उतरलं होतं. पुरुषोत्तमरावांनी माझं नाव घेतलं, मी उठले, माइकपाशी गेले. समर समोरच बसला होता, अंगावर काटा यायची वाट बघत. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि माझ्या लक्षात आलं की मी आता बोलले तर यांना ते पुन्हा आवडेल.

मी परत येऊन बसले. आयुष्यात पहिल्यांदा लोक माझ्यामुळे गप्प झाले आणि मी काही बोलले नव्हते.

त्यानंतर कमिटीची बैठक त्याच हॉलमध्ये, त्याच खुर्च्यांवर. छपरातून पाणी गळत होतं, खाली भांडं ठेवलं होतं, वरण करायचं ते मोठं पातेलं. पुरुषोत्तमराव माझ्यापाशी आले आणि हळू आवाजात बोलले. ते म्हातारे झाले आहेत, अनुया, मी आज पहिल्यांदा पाहिलं. म्हणाले, "ताई, बँकेला कळवायचंय. वरची खोली रिकामी आहे, कोणाचा हक्क नाही, असं. तुमच्या मनाविरुद्ध मी पाठवणार नाही. तुम्ही ताट पुढे सरकवलंत तर मी समजून घेईन."

नारळ फोडला. मीनाक्षी खोबऱ्याच्या पाठीची तपकिरी साल सुरीने काढायची, सगळे तुकडे एकसारखे, पांढरे. आज कोणी काढली नव्हती. वेडेवाकडे तुकडे, काहींना करवंटीचा चुरा चिकटलेला. ताट फिरत आलं. सगळे घेत होते. कोणी कोणाकडे बघत नव्हतं.

माझ्यापाशी ताट आलं तेव्हा शेजारची खुर्ची रिकामी होती. डिसेंबरात ती जिथे बसली होती तीच. मी क्षणभर थांबले. तुला काय वाटेल ते वाटो, पण मी खरोखर वाट पाहिली.

मग मी एक तुकडा उचलला आणि खाल्ला. माझा हात कोणी धरला नाही.

आई